तारमास्तरांची मुलगी

आमच्या शाळेच्या ग्रंथपालबाई डाव्या पायाने लंगडत. चौथ्या वर्षी ताप आला आणि पाय वाळला तो वाळलाच. मी तिथे चित्रकला शिकवायचो. अकरा वर्षं आम्ही एकाच टेबलावर डबा खाल्ला, पण त्या कुणाच्या कोण हे मला फार उशिरा कळलं.

त्यांचे वडील तारखात्यात होते, म्हणून सगळे त्यांना तारमास्तर म्हणत. दिवसभर तारा पाठवायच्या आणि पहाटे उठून कादंबऱ्या लिहायच्या. तारेतून चित्रं पाठवणारी यंत्रं, चालकाशिवाय धावणाऱ्या गाड्या असलं काही त्यांनी लिहिलं, तेव्हा लोकांनी करमणूक म्हणून वाचलं. मग आली ‘मोजलेलं नगर’. या नगरात प्रत्येक मुलाला सातव्या वर्षी एका यंत्रापुढे उभं करतात. यंत्र निकाल देतं: ‘सुधारण्याजोगा’ किंवा ‘न सुधारण्याजोगा’. दुसरा निकाल लागला की मुलाला तटाबाहेर सोडतात. उरलेले सुखाने नांदतात. लेखकाला यात काही वावगं वाटत होतं, असं पुस्तकभर कुठे दिसत नाही.

वर्तमानपत्रांनी झोडपलं, चौकात प्रती जाळल्या. तारमास्तर खूश! “जाळायला आधी विकत घ्यावी लागते,” असं हसून सांगायचे.

तेराव्या वर्षी मुलीने ते पुस्तक कपाटातून काढून वाचलं. त्यात एक बाप लंगड्या मुलीला बोट धरून यंत्राकडे नेतो आणि एकटाच घरी येऊन शांतपणे जेवतो. तिने पुस्तकाचं साल पाहिलं. तिच्या तापानंतर जेमतेम दीड वर्षाने ते निघालं होतं.

“बाबा, ही मुलगी कोण?”

“वाचलंस होय? भाषा कशी वाटली?”

“मी चांगली म्हणाले,” बाई मला सांगत होत्या. “दुसरं काय म्हणणार? त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही.”

तारमास्तर वारले, पुस्तकं विस्मरणात गेली. पस्तीस वर्षांनी अचानक ‘मोजलेलं नगर’ची नवी आवृत्ती निघाली. जाड पुठ्ठा, एका बड्या डॉक्टरांची प्रस्तावना. मग वाचनालयात माणसं येऊ लागली. इस्त्रीचे कपडे, मऊ आवाज. “ताई, तुमच्या वडिलांना सगळं आधीच दिसलं होतं,” असं म्हणत आणि जाताना त्यांच्या पायाकडे बघत.

त्याच वर्षी वरून शाळेला तक्ते आले. प्रत्येक मुलाची उंची, नजर, चाल, बोलणं मोजून लिहायचं होतं. रेघा नीट मारता येतात म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. शेवटच्या रकान्याचं शीर्षक बाईंनी मोठ्याने वाचलं: “सुधारण्याजोगा, न सुधारण्याजोगा.” मग कागद माझ्यापुढे ठेवला.

“सर, तुम्ही हे भरणार?”

“आदेश आहे, बाई.”

मी भरले. तीन मुलांपुढे दुसरा शब्द लिहिला. एक तोतरं बोलायचा, एकीला कमी दिसायचं, एकाला फिट यायची. अक्षर माझं होतं.

बाईंकडे वडिलांचं हस्तलिखित होतं. त्यात त्या लंगड्या मुलीचं नाव आधी बाईंचंच होतं, मग खोडून दुसरं घातलेलं. आता लोकांना लाज वाटेल, या आशेने त्यांनी ते पान वर्तमानपत्रात छापायला दिलं. आठवडाभरात पत्रांचा ढीग पडला. मी टेबलाशी बसून एकेक फोडत होतो. सगळ्यांचा सूर एकच: केवढं हे मन! विचारापुढे पोटची पोरसुद्धा मोठी मानली नाही!

बाईंनी उरलेली पत्रं न फोडताच बाजूला सारली. “बाबांना फार आवडली असती,” एवढंच म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी सकाळच्या शाळेत राखाडी गाडी आली. तिन्ही मुलांना ‘खास शाळेत’ न्यायचं होतं. तिचा पत्ता मुख्याध्यापकांनाही ठाऊक नव्हता. पालक फाटकाशी उभे होते, कुणी चढ्या आवाजात बोलत नव्हतं. बाई वाचनालयातून पिशवी घेऊन आल्या, कठड्याला धरून गाडीत चढल्या आणि कमी दिसणाऱ्या मुलीशेजारी बसल्या.

“बाई, तुमचं नाव यादीत नाही,” गाडीवरचा माणूस म्हणाला.

“असायला हवं होतं. पाय बघा माझा.”

तो गोंधळला. फाटकापाशी एवढे लोक बघत असताना त्यांना उतरवणं त्याला जमलं नाही. दार लागलं.

तिथे त्यांनी काय केलं, कुणाशी भांडल्या, ते मला माहीत नाही. पण दर महिन्याला तिन्ही घरी पत्र यायचं. मुलाच्या हातच्या चार ओळी आणि खाली बाईंचं बारीक अक्षर: वजन इतकं, जेवण बरं, काल हसला. सहा वर्षांत एकही महिना चुकला नाही.

मग त्या गेल्याची तार आली आणि त्यानंतर एकाही घरी पत्र आलं नाही. तिघांचे आईबाप माझ्याकडे येऊन गेले. चौकशीचा अर्ज लिहून द्या म्हणाले, तुमचं अक्षर चांगलं आहे. मी उद्या लिहितो म्हणालो. दुसऱ्या दिवशी शाळेत नवे तक्ते आले होते.