उजवा कौल

आम्ही गुरव. त्यामुळं देव आमच्या घरचाच माणूस, थोरल्या चुलत्यासारखा. सकाळी त्याला अंघोळ घालायची, अंग पुसायचं, धोतर नेसवायचं, जेवायला बोलवायचं आणि त्याच्या वाटणीचं आपणच जेवायचं. कवठे महांकाळच्या पुढच्या माळावर आमच्या भैरोबाचं देऊळ होतं आणि सत्तरच्या दशकातल्या त्या वर्षांत, वडील गेल्यावर, मी तेवीस वर्षांचा पोरगा त्याचा एकुलता एक मुखत्यार होतो.

आमच्याकडं गर्दी व्हायची ती कौलासाठी. मूर्तीच्या छातीवर दोन ओल्या कळ्या चिकटवायच्या, एक उजवीकडं, एक डावीकडं. प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. पोरीचं लग्न, विहिरीची जागा, फौजेतल्या लेकाची रजा, काहीही विचारा.

आणि मी काय रंगवायचो! आधी घंटा, मग डोळे मिटून स्तब्ध उभं राहणं, मग खर्जातला आवाज, "देवा, या माउलीचं म्हणणं असं हाय..." बाया पदर तोंडाशी धरून उभ्या. कळी पडली की मी असा दचकायचो, जशी ती मलाही अनपेक्षित होती.

अनपेक्षित कसली? उजव्या कळीला पाणी कमी लावायचं आणि डावी अंगठ्यानं जरा दाबायची, एवढीच ती विद्या. वडिलांनी शिकवलेली. ते म्हणायचे, "माणूस दारात रडत उभं असंल तर देवाला लय विचार करू द्यायचा न्हाई." मला त्यात पाप वाटलं नाही. चुलत्याच्या खिशात हात घालताना पुतण्याला कुठं पाप वाटतं?

त्याच वर्षी माझं लग्न झालं होतं. बायको सांगलीची. सासरे हळदीच्या वखारीत तोलाईला होते. घरात आम्ही दोघंच. तिच्याआधी दोन वर्षं मी एकट्यानं भाकरी थापल्या होत्या आणि संध्याकाळी भिंतीशी गप्पा मारल्या होत्या. भिंत माझ्या नकलांना हसायची नाही. ही हसायची. मी कौलाला आलेल्या पाटलांची नक्कल केली की ही चुलीपुढं लोळायची.

तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच. सासऱ्यांचा निरोप आला, सातव्या महिन्यात पाठवा, इथं दवाखाना जवळ आहे. ती मला म्हणाली, "आवं, आत्ताच जाऊ का नवव्यात? देवाला इचारा की."

मी विचारलं. कळ्या लावताना माझ्या डोळ्यांपुढं फक्त ती भिंत होती. "आत्ता धाडू का?" असा प्रश्न घातला आणि या वेळी उजवी कळी दाबून बसवली. डावी टपकन पडली. ती खूश झाली. म्हणाली, "बरं झालं. मलाबी हितंच ऱ्हावंसं वाटत हुतं."

आठव्याच्या सुरुवातीला कळा आल्या. बैलगाडीनं तालुक्याला पोचेपर्यंत दुपार झाली. मुलगी झाली. रडली नाही.

घरी आल्यावर चार दिवस ती बोलली नाही. पाचव्या दिवशी भांडी घासता घासता तिनं विचारलं, "कळीला तुमी हात लावला हुता?"

नाटकी माणसाला खोटं बोलायला क्षण लागत नाही. पण माझ्या तोंडून शब्द फुटला नाही आणि तिला तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला.

मग मी काय केलं असेल? कौल लावला! ती परत येईल का? उजवी पडली. पडणारच. म्हणून डाव्या हातानं लावला. मग डोळे मिटून. मग अंगठ्याला फडकं गुंडाळून, लग्नात बोट कापलेल्या आचाऱ्यासारखा. दर वेळी उजवीच. माझा हातच आता मला खरं सांगायला तयार नव्हता. भर दुपारी, बाहेर चिटपाखरू नसताना मी गाभाऱ्यात बसलो होतो आणि पायाशी नुसते होकार पडले होते.

तेव्हा ध्यानात आलं, की या देवाशी मी स्वतःहून एक अक्षरही बोललेलो नाही. या माउलीचं म्हणणं, त्या पाटलांचं म्हणणं. माझं म्हणणं कधीच नाही. त्याला अंघोळ घातली होती, त्याच्या अंगावरचा चरा नि चरा मला ठाऊक होता, पण ओळख अशी नव्हतीच.

खर्जातला आवाज काढायला गेलो, निघेना. साध्या आवाजात म्हणालो, "मी तुझ्या नावावर खोटं बोललो. मला एकट्याला ऱ्हायचं भ्या वाटत हुतं."

नाटकात असतं तर घंटा आपोआप वाजली असती. इथं काहीही वाजलं नाही. फक्त असं वाटलं, की कुणीतरी ऐकून घेतलं आणि त्याला हे आधीच माहीत होतं. मला त्याची लाज वाटली. इतक्या वर्षांत प्रथमच मला देवाची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी एसटीनं सांगलीला गेलो. ती दारात हळकुंडं निवडत बसली होती. बोटं पिवळीजर्द.

"कौल घिऊन आलाय जनू," ती म्हणाली.

"न्हाई. आता कुनालाच लावनार न्हाई."

"मग कशाला आलाय?"

"सांगायला. हात लावला हुता. तू गेलीस तर घरात कोन ऱ्हाईल, म्हनून लावला."

ती हळकुंडं निवडत राहिली. एक किडकं बाजूला टाकत म्हणाली, "ह्ये त्या दिवशीच सांगाया पायजे हुतं."

"व्हय."

"मला न्हाई यायचं. आत्ता तरी न्हाई."

आतून सासूबाईंनी पाणी आणलं. मी प्यालो आणि उठलो.

ती आली, पण त्याला अकरा महिने लागले. त्या अकरा महिन्यांत कौल बंद झाला म्हणून गावानं मला चिक्कार झापलं. "देव रुसलाय का तूच, गड्या?" म्हणून पारावर टर उडवली. लोक पंचक्रोशीतल्या दुसऱ्या देवांकडं गेले आणि देऊळ ओस पडलं.

सांगलीहून आलो त्या संध्याकाळी पूजेला गेलो. मूर्तीपुढं टेकलो. मागण्यासारखं काही नव्हतं, विचारण्यासारखंही नव्हतं. दिवा लावला आणि त्याला म्हणालो, "न्हाई आली रं."

आणि मग, तिची बोटं कशी पिवळी झाली होती, ते सांगत बसलो.