आईच्या नावाचं वायफाय

किन्हवलीच्या आमच्या तीन मजली घरात वायफाय सगळीकडे पोचवायला मुरबाडहून एक माणूस आला होता. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. कानावर पेन्सिल, खांद्यावर वायरचं वेटोळं, आणि प्रत्येक भिंत तो कलिंगडासारखी टिचक्या मारून बघायचा.

राउटर जिन्यात, मीटरच्या शेजारी टांगलेला पाहून तो हसला. "तिघा भावांचा दिसतो. एकाच्या मजल्यावर ठेवला तर बाकीच्यांना चालत नाय."

त्याने मजल्यामजल्यावर सिग्नल पुढे नेणारी एकेक डबी बसवली आणि म्हणाला, "वायफायचं नाव तिन्हींना एकच द्या. नायतर जिना चढताना फोन कट होईल."

नाव कोणाचं द्यायचं, यावरून आमची तिथंच जुंपली. तो पायरीवर निवांत बसून राहिला. आम्ही दमलो तेव्हा म्हणाला, "आईचं टाका. सगळ्या घरांत शेवटी तेच होतं."

आम्हाला फारच बरं वाटलं. थोरल्याचे तर डोळे भरून आले.

"आजी कुठल्या मजल्यावर असतात?" त्याने विचारलं.

"मागच्या जुन्या घरात. तिला स्लॅबखाली गरम होतं," आम्ही तिघं एका सुरात म्हणालो. एवढं एकमत आमचं एरवी होत नाही.

जाताना तो मागच्या अंगणात पाणी प्यायला थांबला. आईने तांब्या दिला. पाणी पिऊन त्याने सवयीने फोन काढला, उंच धरला, खाली धरला.

"आजी, तुमचं नाव दिसतंय इथं," तो तिला म्हणाला, "पण लागत नाय."