पोकळ भिंतीवरची बेल

आमची इमारत ज्याने बांधली, त्याला एकदा माझ्या घरात आणून बसवावं असं मला फार वाटतं. भिंती कसल्या, जिप्समच्या दोन पाट्या आणि मध्ये हवा. पलीकडे कोणी शिंकलं की अलीकडचा 'सालूद', तब्येत सांभाळा, म्हणतो. खिळा ठोकला की लोण्यात गेल्यासारखा आत जातो आणि तसाच बाहेर येतो. तोमे गावाच्या या टेकडीवर आम्हाला घरं मिळाली त्या वर्षी चारही मजल्यांवर लोकांनी घड्याळं, कुमारी मातेच्या तसबिरी, मेलेल्या सासवांचे फोटो टांगले, आणि आठवड्याभरात सगळं जमिनीवर आलं. मग भोकात काडेपेटीच्या काड्या कोंबायच्या, टूथपेस्ट भरायची, वर कॅलेंडर अडकवायचं. कोणाकडेही गेलं तरी जिथे भोक तिथे कॅलेंडर, कुठेतरी गुडघ्यापाशीसुद्धा. शी, शिसारी यायची बघून.

या सगळ्या गबाळेपणात नीट काम करणारा माणूस एकच, मायेस्त्रो एदेसिओ. हातात ड्रिल धरणाऱ्या कोणालाही इथे मायेस्त्रो म्हणतात, पण त्याला ते शोभायचं. कापडगिरणीत तो माग दुरुस्त करायचा. गिरणी बंद पडली, बायको बहिणीकडे गेली ती तिकडचीच झाली, आणि हा एक रेडिओ घेऊन पायथ्याच्या खोलीत राहू लागला. माणूस म्हणून मला तो मुळीच आवडायचा नाही. अंगाला लसणाचा आणि सरसाचा वास. सोमवारी येतो म्हणाला की गुरुवारी उगवणार. आणि जिथे जाईल तिथे बोटाच्या पेराने भिंत वाजवून कान लावायची खोड. माझा नवरा गेला तेव्हा सांत्वनाला आला आणि शवपेटीशेजारी उभा राहून टकटक करत होता. मी त्याला तिथेच झापलं. म्हणाला, "माफ करा दोन्या नोल्फा, हात ऐकत नाही." चौतीस वर्षांत आपण लावलेली एकही वस्तू पडली नाही, एवढी एकच बढाई तो मारायचा, आणि ती खरी होती.

माझ्या समोरच्या दारात दोन्या उबेर्लिंदा राहते; वयाने मोठ्या बाईला इथे दोन्या म्हणतात. ब्याऐंशी वर्षांची, एकटी. मुलगा व्लादिमिर लांब उत्तरेला, कालामाच्या तांब्याच्या खाणीत. मागच्या हिवाळ्यात ती एकदा पडली, तेव्हा त्याने तिला कोन्सेप्सिओनला नन्सच्या वृद्धाश्रमात टाकायचं जवळजवळ ठरवलं होतं. ती म्हणाली, "तिथे सहाला सूप देतात आणि सातला दिवे घालवतात. मेल्यावर पुरा मला, आत्ताच नको." शेवटी तडजोड झाली. तिच्या पलंगाशी बिनतारी बेलचं बटण, वाजणारी पेटी माझ्या स्वयंपाकघरात. एकदा वाजली तर किरकोळ काम, तीनदा वाजली तर पडले आहे. ही व्यवस्था एकदा जरी फसली, तर म्हातारी वृद्धाश्रमात. व्लादिमिरने आम्हा दोघींना तसं तोंडावर सांगितलं होतं.

बटण लावायला एदेसिओ आला आणि सरळ जमिनीवर आडवा झाला.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"पडलेल्या माणसाचा हात कुठवर पोचतो ते बघतोय." त्याने पडल्यापडल्या हात वर केला आणि पेन्सिलने खूण केली. मग टकटक. "खिळा धरणारी आतली उभी पट्टी इथे नाही. ती वीतभर पलीकडे आहे, पलंगाच्या मागे."

"मग तिथे लावा की."

"तिथे हात जाणार नाही, बाई."

"अहो, पाकिटाएवढं तर बटण. चिकटपट्टीनेही राहील."

"बटण हलकं आहे हो. पण म्हातारं माणूस बटण दाबत नाही, बटणाला लटकतं."

मग त्याने भोक पाडलं आणि स्प्रिंगचे दोन पंख मिटून बोल्ट आत सारला. याला आमच्याकडे फुलपाखरू म्हणतात. पंख भिंतीमागे उघडतात आणि पाटीला पाठीमागून धरून ठेवतात. वर लाकडाची छोटी फळी, फळीवर बटण. दोन्ही हातांनी ओढून बघितलं आणि गेला.

त्यानंतर माझ्या आयुष्याचा चिवडा झाला. दिवसातून अकरा वेळा बेल. चष्मा कुठे ठेवला, पाव आला का, आज वार कोणता. मी जायची, पण कपाळाला आठ्या घालून जायची. आणि जमीन हलली की हमखास तीनदा वाजायची. इथे बारीकसारीक धक्क्याला कोणी उठत नाही, बसल्या जागी दिवा हलायचा थांबेपर्यंत वाट बघतात आणि मग एकमेकांना विचारतात, "जाणवला का?" म्हातारी ते विचारायला तीनदा बेल दाबायची. पडल्याशिवाय तीनदा दाबू नका म्हणून मी कितीदा ओरडले.

त्या मंगळवारी पाचला मी चहाला बसले होते. गरम पाव, वर कुस्करलेला अ‍ॅव्होकॅडो, टीव्हीवर मालिका. धक्का आला, दिवा हलला, थांबला. मग बेल. एक, दोन, तीन. तिला 'जाणवला का' विचारायचं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं सांगते, शंका आली होती. तरी उठले नाही. टीव्हीचा आवाज वाढवला.

सातला तिचा पाव घेऊन गेले तर ती जमिनीवर पडलेली, मनगट मोडलेलं, ओठ निळे. दोन तास.

दवाखान्यातून व्लादिमिरला फोन केला. त्याने पहिलंच विचारलं, "बेल वाजली नाही का?"

"नाही," मी म्हणाले. "धक्क्याने भिंतीतून उपटून आली. भिंती कशा आहेत, तुम्हाला माहीतच आहे."

"परवा येतो मी. भिंतीचा दोष असेल तर दुरुस्त होईल. तुम्ही गेला नसाल, तर आई तिथे राहणार नाही."

दुसऱ्या दिवशी एदेसिओ आला, न बोलावता. त्याची बेल पडली ही बातमी पावाच्या रांगेत त्याच्यापर्यंत पोचली होती. हाताला प्लास्टर घालून रात्रीच घरी सोडलेल्या म्हातारीला मी सूप भरवत होते. त्याने बटण दोन्ही हातांनी धरून अंगाचा भार टाकला. काही हललं नाही. मग दाबलं. माझ्या स्वयंपाकघरात बेल वाजली, आणि भिंतींतून तिघांनाही स्वच्छ ऐकू आली.

"कालही अशीच वाजली," दोन्या उबेर्लिंदा त्याला म्हणाली. माझ्याकडे तिने बघितलंही नाही. "मला ऐकू येत होतं. पलीकडे हिची खुर्ची काही सरकली नाही."

मी चमचा वाडग्यात ठेवला. तिने पुढचं घाईघाईने सांगितलं, "पण व्लादीला कळू देऊ नका, मायेस्त्रो. दुसरी शेजारीण मी कुठून आणू? नेईल तो मला."

एदेसिओने फळीवरून एकदा हात फिरवला. मग स्क्रू ड्रायव्हर काढला आणि स्वतःचं काम स्वतः उलगडलं. बोल्ट सुटला तसं आतलं फुलपाखरू भिंतीच्या पोकळीत खाली पडलं, बारीक आवाज झाला. त्याने अंगठ्याने भोकाच्या कडा मोडल्या, वर एक ओरखडा ओढला, उपटून आल्यासारखं दिसावं म्हणून. जमिनीवर पांढरी भुकटी सांडली. ती त्याने झाडली नाही.

व्लादिमिर आला आणि त्याने भोक बघितलं. "हे तुमचं काम?"

"हो."

"किती वर्षं करताय?"

"चौतीस."

"लाज वाटत नाही? माझी आई मेली असती."

"चुकलो," एदेसिओ म्हणाला. त्याच उंचीवर, चार बोटं बाजूला, त्याने नवीन फुलपाखरू बसवलं, फुकट. व्लादिमिरने ओढून ओढून बघितलं, त्याचं समाधान झालं. आई घरीच राहिली. जाताना त्याने जिन्यावर भेटेल त्याला सांगितलं की त्या गबाळ्याला घरात घेऊ नका.

सामान उचलून उतरताना एदेसिओ माझ्या दाराशी थांबला. "तुमच्यासाठी भिंतीला मी खोटं बोलायला लावलं, बाई. उठायचं तेवढं आता तुम्ही बघा."

उठते मी. अकराच्या अकरा वेळा उठते, पाव टाकून उठते. त्यात माझं मोठेपण नाही काही. पण तीन इमारतींत आता त्याला कोणी बोलावत नाही. दफनभूमीची कुंपणं रंगवतो म्हणे. मागच्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरची नवी पोर, पोटुशी आहे, बाळाच्या बाटल्यांसाठी फळी लावायची आहे तिला, ती पावाच्या रांगेत मला विचारत होती, "दोन्या नोल्फा, तो एदेसिओ कसा आहे हो? त्याची बेल पडली होती म्हणतात."

रांगेत सहा जणी होत्या. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

"हो," मी म्हणाले, "पडली होती." आणि माझा पाव घेऊन घरी आले.