निवळीनं काढलेलं चित्र

मला याद्या लागतात. दिवसाची वेगळी, बाजाराची वेगळी, घरभेटींची वेगळी. शाईच्या पेननं लिहायचं आणि काम झालं की आडवी रेघ मारायची. नवऱ्यापासून वेगळं होऊन बरीच वर्षं झाली. उपकेंद्रामागच्या खोलीत मी एकटीच राहते. एका रविवारी सहज यादी करायला घेतली, आज कोणाकोणाशी बोलले याची. पान कोरंच राहिलं.

मी आरोग्य सेविका. सोमवारी पाणी तपासायचं काम असतं. टाकीत ब्लीचिंग पावडर टाकतात, तिचा गुण नळाच्या अगदी शेवटच्या घरापर्यंत पोचला का, ते त्या घरीच बघायचं. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, पिवळं झालं की ठीक. तांड्यातलं शेवटचं घर एका म्हातारीचं होतं. सगळा तांडा तिला याडी म्हणतो, म्हणजे आई. मीही तेच म्हणायची. बाकीच्या घरी "सिस्टर, झालं का?" एवढंच बोलणं. याडी मात्र बाज ओढायची.

"पिवळं झालं का गं?"

"झालं."

"मंग बस. नळ काही पळून न्हाई चालला."

चित्रांची सुरुवात एका नुकसानीतून झाली. पावडर पाण्यात कालवून ठेवली की गाळ तळाशी बसतो, वर स्वच्छ निवळी येते. त्या निवळीचे शिंतोडे एकदा माझ्या यादीवर उडाले आणि निळ्या अक्षरांत पांढरे ठिपके पडले. अर्धी कामं पुसली गेली होती, तरी मी ते ठिपकेच बघत बसले. मग मुद्दाम एक पान घेतलं. त्यावर शाई फासली, वाळवली, काडीला कापूस गुंडाळून निवळीची रेघ ओढली. आधी काहीच दिसलं नाही. मग हळूहळू निळ्यातून रेघ उजळत वर आली.

त्यानंतर रोज संध्याकाळी तेच. कोणता कागद, किती पावडर, किती वेळ, सगळं लिहून ठेवलं. काळी शाई पूर्ण पांढरी होत नाही, मातकट पिवळी होते. बॉलपेनची हटत नाही. पातळ कागद लगेच सडतो.

एका सोमवारी याडीला कडुलिंबाचं चित्र दाखवलं.

"झाड काहून काढतीस? झाड तर दारात हाय. मला काढ. कांचळीवरचे आरसे बराबर काढ." तिनं अंगातल्या चोळीवर बोट ठेवलं. मग माझ्या वहीकडं बघून म्हणाली, "एवढ्या याद्या करतीस, नवरा लिहायचा राहिला का?"

"लिहिला होता. रेघ मारली."

ती खो खो हसली. हसू ओसरल्यावर म्हणाली, "पुढल्या सोमवारी पोरगा न्यायला येऊन राहिला. आता तिकडंच ऱ्हायचं. लवकर काढ."

हातात सहा दिवस होते. जाड कागद आणला. रविवारी सकाळी बसले. कांचळीवरचे आरसे, कवड्या, हातभर बांगड्या, सगळं निळ्यातून छान उजळलं. चेहरा शेवटी घेतला. कपाळ, गाल, हनुवटी, सगळीकडं निवळी लावली आणि घड्याळ लावून बाजूला बसले.

इथंच चुकले. पावडर टाकल्यावर अर्धा तास थांबा, मगच पाणी प्या, हे मी वीस वर्षं घरोघरी सांगत आले आहे. अंगवळणी पडलेलं. कागदाला मिनिट पुरतं, लगेच टिपून धुवावं लागतं, हे माझ्याच वहीत लिहिलेलं होतं. तरी मी अर्धा तास थांबले. टिपायला गेले तर चेहरा कापसाबरोबर निघून आला. मानेच्या वर भोक पडलं.

सोमवारी ते मोठं चित्र, शाई फासलेला एक छोटा कागद, निवळीची बाटली आणि काड्या घेऊन गेले. दारात जीप उभी होती. याडी बोचकं घेऊन बाजेवर बसली होती. तिनं मोठं चित्र हातात घेतलं.

"तोंड कुठंय?"

"पावडरीनं खाल्लं."

"दात तर गेलेच होते, आता तोंडबी गेलं."

मुलानं जीपमधून हाक मारली, "याडी, चल की! उशीर होऊन राहिला."

"थांब जरा. सिस्टर तोंड काढून राहिली माझं."

मी उभ्यानंच काढलं. नाक, डोळे, कानाजवळ लोंबणाऱ्या चांदीच्या घुगऱ्या. साठ आकडे मोठ्यानं मोजले आणि नळाखाली पदर भिजवून कागद टिपला. नाक जरा वाकडं आलं होतं.

"ही मी न्हाई, माझी बहीण हाय," ती म्हणाली. पण कागद नीट वाळू दिला, घडी न घालता बोचक्यात ठेवला. "मोठं तू ठेव. आरसे चांगले निघाले." माझ्या गालावरून हात फिरवून तिनं बोटं मोडली आणि जीपमध्ये चढली.

जीप वळणाआड गेल्यावर आठवलं, पाणी तपासायचं राहिलंच होतं. बाहेरच्या नळातून पाणी घेतलं, थेंब टाकले. पिवळं झालं. कोणी विचारलं नाही.

"शेवटचे घर" या रकान्यात त्या दिवशी तिचंच लिहिलं. तिचं घर आता बंद, पुढच्या सोमवारी शेजारच्या घरी जायचं आहे. तेवढं वहीत लिहून ठेवलं.