शेठचा वाक्यात उपयोग

माझ्या मोबाईलवरचं इंग्रजीचं ॲप रोज सकाळी एक शब्द देतं, त्याचा अर्थ देतं आणि खाली उदाहरणादाखल एक वाक्य. शब्दाबद्दल माझी तक्रार नाही. वाक्यात मात्र कुणीतरी गृहस्थ स्वतःच्या बोटीवर वाइन पीत पश्चात्ताप करत असतो. आमच्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, बोट कुठे लावायची?

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्याचं ऑफिस सांभाळते. परदेशी गिऱ्हाइकांशी बोलणारा शेठचा भाचा पुण्याला निघून गेला आणि त्याची खुर्ची रिकामी झाली. मला ती हवी होती. अगदी हावरटासारखी हवी होती, उगाच लाजून काय सांगू? चलनं फाडून आणि आल्यागेल्याला चहा सांगून माझा जीव विटला होता.

म्हणून जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगमधली अक्का आणि मी डबे उघडून अभ्यासाला बसू लागलो. नियम एकच, वाक्यात शेठ पाहिजेतच. शेठना येस, नो, प्रॉब्लेम आणि ओनर एवढंच इंग्रजी कळतं, त्यामुळे ते दारात उभे असले तरी अभ्यास बिनधास्त चाले. ऑब्स्टिनेट म्हणजे हेकट: ओनर इज ऑब्स्टिनेट. रिलक्टंट म्हणजे नाखूश: ओनर इज रिलक्टंट टु बाय अ फॅन. प्रोक्रॅस्टिनेट म्हणजे आजचं उद्यावर ढकलणं. त्या दिवशी अक्काला भाकरीचा ठसकाच लागला.

"ताई, ह्यो शब्द शेठला बघूनच काढलाय की!"

तिचं खरंच होतं. टॉवेलच्या रंगाचा नमुना शेठ ट्यूबलाइटखाली कधीच पास करत नाहीत. गच्चीवर स्वतः वाळत घालतात, सकाळच्या उन्हात बघतात, दुपारच्या उन्हात बघतात आणि "उद्या बघू" म्हणत खाली येतात. जर्मनीच्या ऑर्डरचा निळा नमुना तर दोरीवर लटकून लटकून आमच्या ओळखीचा झाला होता.

आमच्या पद्धतीने शब्द पक्के बसले. फक्त शेठना वाक्यात घेतल्याशिवाय एकही तोंडातून निघेना.

एक दिवस जर्मनीच्या त्या ऑर्डरवाल्या बाईचा व्हिडिओ कॉल ठरला. शेठ म्हणाले, "ताई, आज तुमी बोला. जमलं तर खुर्ची तुमची." आणि इस्त्रीचा शर्ट घालून शेजारी बसले.

बाईने पहिलाच प्रश्न विचारला, माल का लांबला? मी तोंड उघडलं आणि आतलं तयार वाक्य बाहेर पडलं, "ओनर प्रोक्रॅस्टिनेट्स." का, म्हणून तिने विचारलं. "ओनर इज ऑब्स्टिनेट." आता थांबणार कुठे? गच्ची, दोरी, ऊन, सगळं सांगून टाकलं. ओनर ऐकू आलं की शेठ पडद्याकडे बघून मान डोलवत होते. बाई शेवटी हसली. "मग माझा रंग तरी पक्का असेल," म्हणाली आणि तिने मुदत वाढवून दिली.

कॉल संपल्यावर शेठ भलतेच खुशीत होते. "ओनर ओनर लई केलं की तुमी. काय सांगितलं माझ्याबद्दल?"

खोटं बोलले असते तर खुर्ची हातात होती. पण जर्मनीला सगळं कळलं होतं आणि शेजारी बसलेल्या माणसाला नाही, हे मलाच बरं वाटेना. एकेक शब्द मी अर्थासकट सांगितला, पंख्याचा नाखूशसुद्धा. त्यांचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, आणि खुर्ची गेली म्हणून त्याहून जास्त वाईट वाटलं.

"इतकी वर्षं हितं काम करताय," ते हळूच म्हणाले, "हे मराठीत कदी बोलला न्हाईत ते?"

"मराठीत बोलले असते तर तुम्हाला कळलं असतं की, शेठ."

ते उठले आणि गच्चीवर गेले. परत आले ते निळा टॉवेल खांद्यावर टाकून. तो त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला, "पास" म्हणाले आणि भाच्याची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

पंख्याचं मात्र उद्या बघू म्हणाले.