रेणुकाचं बोट

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. शाळेत तर बोलायची सोयच नाही. तुम्हाला का सांगतेय — तेही नीटसं कळत नाही. परवापासून जेवण गोड लागत नाहीये, एवढं खरं.

वाळूजच्या पलीकडं एका वस्तीवरच्या शाळेत मी सहा वर्षं शिकवत होते. तिथं तिसरीत रेणुका होती. घरी मेंढरं. पुस्तक समोर ठेवलं की हिचं पोट दुखायचं, नाहीतर तहान लागायची, नाहीतर पुस्तकच हरवायचं. मी रागावले, लाडीगोडी लावली, चॉकलेटं दिली — ढिम्म हलली नाही. मग एकदा सहज तिच्या मेंढरांची नावं विचारली आणि चिठ्ठ्यांवर लिहिली. चंद्री. काळी. भुरी. रेणुकाबाईसाहेब हसल्या! दोन आठवड्यांत पाच चिठ्ठ्या ओळखायला लागली. एक दिवस फळ्यावर 'भाकरी' लिहिलं, तर ही ओरडली, "मॅडम, ह्यो तर आमच्या भुरीचा भ हाय!" त्या दिवशी मला वाटलं, आता ही वाचणार. आणि ती वाचणारच होती हो.

तेवढ्यात शिक्षण खात्याच्या साहेबांच्या भेटीचं पत्र आलं. आठ दिवसांवर. प्रत्येक मूल उतारा वाचतं असं दिसलं, तर वर्गाच्या दारावर तशी पाटी लागायची. माझ्या वर्गात सगळे वाचत होते — एक सोडून. पाटी नसती लागली तर काय बिघडलं असतं? काही नाही. पण शेजारच्या वर्गाला ती लागली होती, आणि येता-जाता मला ती टोचायची.

म्हणून मी — सांगतेच आता — चिठ्ठ्या कपाटात टाकल्या आणि रेणुकाकडून एक उतारा पाठ करून घेतला. विहिरीवरच्या शेळीचा, सहा ओळींचा. पुस्तकाचं पान मीच उघडून देणार होते, त्यामुळे ती काळजी नव्हती. पण नुसतं पाठ म्हटलेलं ओळखू येतं ना? मग मी तिला बोट फिरवायला शिकवलं. या शब्दाला बोट इथं, ओळ संपली की खाली. मध्ये एकदा अडखळायलासुद्धा शिकवलं. खरं वाटावं म्हणून.

साहेब खूश झाले. पाटी लागली. रेणुकाची आई शाळेत येऊन माझ्या पायाच पडायला लागली. "मॅडम, आमच्यात कुणाला अक्षर ठावं नव्हतं. लई उपकार झाले." मी तिला उठवलं आणि हसले. होय, हसले.

पुढं काय करणार होते? वाचता येणाऱ्या मुलीला पुन्हा चिठ्ठ्या कशा दाखवायच्या — कुणी विचारलं असतं तर? एकदा मधल्या सुट्टीत तिनंच येऊन त्या मागितल्या. मी म्हणाले, "आता तुला येतं ना वाचता." तिनं एकदा कपाटाकडं पाहिलं. मग गेली. वर्षभरात माझी बदली झाली.

परवा बजाजनगरात दवाखान्याबाहेर मायलेकी भेटल्या. रेणुका आता सातवीत आहे. आईला रक्तदाबाची गोळी सुरू झालीय. नर्सनं पाकिटावर मराठीत लिहून दिलं होतं. आईनं कौतुकानं ते लेकीपुढं धरलं. "वाच गं, मॅडमला दाव."

रेणुकानं पाकिटावर बोट टेकवलं. हळूहळू पुढं सरकवलं. ओळ संपली, बोट खाली आलं. मध्ये एकदा अडखळली. "सकाळी एक गोळी... संध्याकाळी एक गोळी."

पाकिटावर लिहिलं होतं: फक्त सकाळी, अर्धी.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला कळलंय, हे तिला कळलं होतं. मी पाकीट हातात घेतलं आणि आईला म्हणाले, "अर्धीच घ्या, तीही सकाळीच. अक्षर फार गिचमिड आहे हो."

अक्षर स्वच्छ होतं. मोत्याच्या दाण्यासारखं.

"व्हय का? एरवी समदं हीच वाचती मला," आई म्हणाली. रेणुका ओढणीच्या टोकात बोट गुंडाळत खाली बघत होती. तेव्हा तरी बोलायचं ना? माझी रिक्षा आली आणि मी बसले.

पुढच्या महिन्यात नवं पाकीट मिळेल. तेही तीच वाचणार आहे.