ब्रूनोराव आणि दाजींचं आवर्तन

जगातली कुठलीही गोष्ट वेळेवर सोडली आणि वेळेवर बंद केली की सुधारते, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिलाय, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. आमच्या दाजींची सारी नोकरी कालव्यावर पाटकरी म्हणून गेली. कुणाच्या उसाला पाणी कधी सोडायचं आणि कधी तोडायचं, हे त्यांच्या हातात. निवृत्त होऊन ते कन्हेरीला घरी बसले, पण हात काही स्वस्थ बसेनात. त्यांनी टीव्हीला पाळी लावून दिली. मालिकेतली सून विषाचा पेला तोंडाला लावत असताना दाजी शांतपणे उठून बटण बंद करायचे आणि ताईला म्हणायचे, "झाली तुझी पाळी. आता उद्या." गळती तर त्यांना सहनच होत नाही. अंथुर्ण्याला एका लग्नात पाण्याच्या टँकरचा नळ ठिबकताना दिसला, तर हे जेवणाच्या रांगेतून निघाले आणि नळाला अंगठा लावून उभे राहिले. वऱ्हाड जेवून उठलं, फोटो झाले, आणि मग कुणीतरी टँकरवाल्याला शोधून आणलं.

अशा माणसाच्या घरात गळकं कुत्रं यावं, हा निव्वळ योगायोग. माझी भाची पुण्याला नोकरीला होती, तिची बदली बंगळूरला झाली आणि तिथल्या घरमालकाला कुत्रं चालेना. म्हणून तिचा ब्रूनो कन्हेरीला आला. पांढरा, केसाळ आणि मांजराहून जेमतेम मोठा. दाजी पहिल्या दिवसापासून त्याला ब्रूनोराव म्हणायला लागले. ब्रूनोरावांनी पहिल्याच दिवशी सोफ्याचा पाय भिजवला, मग शिलाई मशीन, मग दाजी वाचत होते तो पेपर. आणि आमची ताई म्हणजे फरशीत तोंड दिसल्याशिवाय पोछा खाली न ठेवणारी बाई. मी इंदापूरहून सहज म्हणून गेलो, तेव्हा ती पदर खोचून उभी होती.

"पौर्णिमेला आपल्याकडं बुद्धवंदना हाय," ती दाजींना सांगत होती. "सगळ्या घरात पांढऱ्या चादरी अंथरायच्यात. तवर ह्याला वळण लागलं तर राहील हितं. न्हायतर डाळजला तुमच्या पुतण्याच्या मळ्यावर धाडायचा."

पुतण्याच्या मळ्यावरची कुत्री मी पाहिलेली आहेत. ती वासराएवढी आहेत. ब्रूनोराव त्यांच्या एका न्याहारीलाही पुरले नसते.

दाजींनी शिक्षण हाती घेतलं. रागावणं, मारणं असला प्रकार नाही. "शेतकऱ्याला शिव्या देऊन कालवा भरतो व्हय?" असं त्यांचं म्हणणं. कालव्याला पाण्याच्या पाळ्या लावतात, तसं त्यांनी सरळ आवर्तन बसवलं. ठरल्या वेळी ब्रूनोला पाणी पाजायचं आणि ठरल्या वेळी अंगणातल्या कडुनिंबापाशी उभं करायचं. आता पाळी सुरू झाली हे त्या मुक्या जिवाला कळावं, म्हणून ते झाडाच्या आळ्यात पाइप सोडून द्यायचे. पाणी खळखळायला लागलं की ब्रूनोचा पाय वर. दाजींनी मला मुद्दाम उभं करून हा सोहळा दाखवला. "बघा पाव्हणं. कुत्रं असो नायतर कालवा, सवयीचा प्रश्न हाय."

आठवडाभर घर कोरडं राहिलं. मग एका सकाळी ताईने स्वयंपाकघरात नळ सोडला, तसा ब्रूनो बाहेरून धावत आला, ओट्याखाली उभा राहिला आणि त्याने आज्ञाधारकपणे पाय वर केला. त्याने शिकायचं ते बरोबर शिकलं होतं. पाणी वाहिलं की आपणही वाहायचं. झाड, अंगण हा तपशील त्याच्या डोक्यात शिरलाच नव्हता. पुढे बादली भरली की तेच, कूलर भरला की तेच.

"म्हंजी आता म्या भांडी घासायची न्हाईत का?" ताई म्हणाली.

"त्याची चूक न्हाय," दाजी म्हणाले. "हुकूम आला, त्यानं कालव्याचं दार उघडलं."

पौर्णिमेला मी गेलो, तेव्हा घर शुभ्र चादरींनी भरलं होतं आणि सगळी आळी पांढऱ्या कपड्यांत येऊन बसली होती. इस्त्रीचा सदरा घातलेले दाजी मधोमध, आणि त्यांच्या मांडीवर ब्रूनो. त्रिशरण झालं, पंचशील झालं. दाजींचे डोळे मिटलेले, पण एक हात कुत्र्याच्या पोटाखाली. वंदना संपली, खिरीच्या वाट्या फिरल्या, आणि शेजारच्या काकूंनी तांब्यातून पेल्यात पाण्याची धार धरली. ब्रूनोचे कान उभे राहिले. ताईने माझ्याकडे पाहिलं, मी दाजींकडे पाहिलं. दाजींनी ब्रूनोला सदऱ्याशी घट्ट कवटाळलं, उठले, आणि कुणालाही धक्का न लावता सावकाश चालत दारापर्यंत गेले. उंबऱ्यापाशी पोचेपर्यंत त्यांचा सदरा छातीपासून खालपर्यंत भिजला होता.

"काय झालं ओ?" एका म्हाताऱ्या आबांनी विचारलं.

"काय न्हाय आबा. पाणी सांडलं." पंचशील म्हणून ओठ वाळायच्या आत दाजी धडधडीत खोटं बोलले. चादरी मात्र कोरड्या राहिल्या.

मी त्यांच्या मागोमाग परसात गेलो. थट्टा करायची म्हणूनच गेलो होतो, पण ते ओल्या सदऱ्यात कुत्र्याला तसंच धरून उभे होते. "पाव्हणं," ते म्हणाले, "नोकरीत होतो तवर म्या सकाळी दार उघडायच्या आत कट्ट्यावर माणसं येऊन बसायची. 'आमच्या चारीला पाणी सोडता का?' म्हणायची. आता दार उघडलं की ह्यो एकटाच बसलेला असतो." या माणसाची इतकी वर्षं आपण नुसती चेष्टाच करत आलो, याचं वाईट वाटलं. मागे ताई कोरडा सदरा घेऊन कधी येऊन उभी राहिली होती, ते आम्हाला कळलंच नव्हतं. तिने ओला सदरा दोन बोटांत धरून बादलीत टाकला आणि म्हणाली, "डाळजला फोन करू नका."

ब्रूनोला अजूनही वळण लागलेलं नाही, आणि लागेल असं वाटत नाही. परवा मी ओसरीवर चहा घेत होतो, तेव्हा आतून ताईची हाक आली, "अवं, सोडू का पाणी?"

"थांब जरा," दाजी म्हणाले. त्यांनी ब्रूनोला उचललं, टोपी नीट केली आणि चपला शोधायला निघाले. चांगल्या सावकाश शोधल्या. आणि तेवढा वेळ आमची ताई आत नळावर हात ठेवून, गुपचूप थांबून राहिली होती.